आर्लिसबाई आणि वॉल्डोचं वजन

आर्लिसबाईंच्या घरातून कुणी रिकाम्या हातानं बाहेर पडलं, असं मी कधी पाहिलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा काहीतरी चघळतच पायऱ्या उतरायचा. माझी त्यांची ओळख तशीच झाली. न्यू बर्गडॉर्फला आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान ट्रकमधून उतरायच्या आधी त्यांचा हॉटडिश आमच्या पायरीवर येऊन बसला होता. काचेचं खोल भांडं, खाली बटाटे, मधे मांस, वर वितळलेल्या चीजचा जाड थर. मी मांस खात नाही म्हटल्यावर आजारी माणसाकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग भांडं उचलून चालत्या झाल्या आणि थोड्या वेळानं दुसरं घेऊन आल्या.

"यात नाहीये. आता खा," म्हणाल्या, आणि मी घास घेईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

विस्कॉन्सिनच्या या भागात सगळी अशीच माणसं. गाईंच्या जिवावर वाढलेली. दुसऱ्याचं दुःख दिसलं की यांना बोलता येत नाही, मग ही ओव्हन पेटवतात. आर्लिसबाई गोठ्यातच वाढल्या, चीजच्या कारखान्यातल्या दुकानात उभ्या राहून त्यांनी उभा जन्म काढला, आणि लग्न केलं ते दुधाचा टँकर चालवणाऱ्या डेलमार व्हॉइटशी.

डेलमार पहाटे निघायचे. एकेका गोठ्यावर थांबून दूध भरायचं आणि कारखान्यात नेऊन ओतायचं. प्रत्येक गोठ्याला एक कुत्रा असतो, आणि प्रत्येक कुत्र्याला टँकरचा राग असतो. त्यावर डेलमारांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. सदऱ्याच्या खिशात ताज्या चीजचे खडे ठेवायचे. आधी कुत्र्याला खडा, मग मालकाला रामराम. गोठ्यांचे मालक बदलले, काही गोठे बंद पडले, तरी कुठल्या वळणावर कुठला कुत्रा होता ते त्यांना तोंडपाठ होतं. माणसांच्या बाबतीत मात्र आधीपासूनच कच्चे. मला ते 'शेजारीण' एवढंच म्हणायचे.

म्हणून विसरायला लागले तेव्हा ते कुणाच्या चटकन लक्षात आलं नाही. आर्लिसबाईंच्याही नाही. लक्षात आलं ते वॉल्डोमुळे.

वॉल्डो त्यांचा बीगल जातीचा कुत्रा. लांब कानांचा, आखूड पायांचा, आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी याच्या तोंडचा घास काढून घेतलाय. एका उन्हाळ्यात तो फुगायला लागला. आर्लिसबाईंनी जेवण कमी केलं. तो आणखी फुगला. मग एके सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले असताना डेलमार आत आले, वॉल्डोच्या भांड्यात खाणं ओतलं, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि अंगणात गेले. माझी कॉफी संपायच्या आत परत आले.

"आर्लिस, याला कुणी खायला घातलं की नाही?"

"तूच घातलंस, डेल. आत्ता."

"मी? कधी? बघ कसा बघतोय बिचारा."

"तो तसाच बघतो. जन्मल्यापासून तसाच बघतोय."

डेलमारांनी वॉल्डोकडे बघितलं, वॉल्डोनं डेलमारांकडे. बीगलची जात 'माझं झालं' असं कधी सांगत नाही. भांडं पुन्हा भरलं गेलं. आर्लिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, कॉफीच्या कपाकडे पाहत राहिल्या.

पुढे डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलं. त्या आजाराबद्दल मी काही लिहीत नाही, तो आता घरोघरी माहीत आहे. डेलमारांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. टँकर गेला, ॲरिझोनात राहणारी मुलगी जोलीन गेली, रविवार गेला. राहिला तो कुत्र्याला घास देणारा हात. आर्लिसबाईंनी खाण्याच्या कपाटाला कुलूप लावून पाहिलं. तेव्हा डेलमारांचा आवाज माझ्या अंगणापर्यंत आला.

"घरात कुत्रा उपाशी आणि कपाटाला कुलूप! कसली बाई आहेस तू? कुठून आलीस तू या घरात?"

कुलूप त्याच दिवशी निघालं.

गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टर लिंडाल म्हणून एक तरुण मुलगी आहे. फटकळ. वॉल्डोला तिच्या वजनकाट्यावर चढवायला मी आणि आर्लिसबाई दोघी लागलो. आर्लिसबाईंना मोठ्या रस्त्यावर गाडी चालवण्याइतकं दिसत नव्हतं, त्यामुळे अशा फेऱ्यांना मीच असायचे. काटा चाळीस पौंडांच्या वर गेला.

"आर्लिस, हा कुत्रा नाहीये," डॉक्टर म्हणाली. "पिंपाला चार पाय लावलेत."

"मोठ्या हाडाचा आहे तो."

"हाडं मला हाताला लागू देत, मग बोलू आपण. याच्या पाठीचा कणा हे ओझं फार दिवस उचलणार नाही. मागचे पाय जातील."

इतकं असूनही आर्लिसबाई रेटत राहिल्या असत्या. पण त्या हिवाळ्यात डेलमार दोनदा घराबाहेर निघून गेले. एकदा तर घरातल्या सपाता घालून बर्फातून चालत निघाले होते, जुन्या गोठ्यांच्या वाटेनं. बर्फ साफ करणाऱ्या गाडीवाल्यानं आणून सोडलं. आर्लिसबाईंच्या गुडघ्यांत त्यांना धरून ठेवायचं बळ नव्हतं. जोलीननं फोनवरून सांगितलं, आई, आता त्यांना कुठेतरी ठेवायलाच हवं. आमच्या गावाबाहेर अशा विसरणाऱ्या माणसांसाठी टॅमरॅक हाऊस म्हणून जागा आहे. स्वच्छ, मोठ्या खिडक्या, दाराला आकड्यांचं कुलूप. वसंतात तिथे एक खोली मोकळी होणार होती.

आधी डेलमारांना एका दुपारपुरतं तिथे नेऊन बसवलं. आम्ही परत न्यायला गेलो तेव्हा ते बाहेरच्या दारापाशी उभे होते आणि काचेवर दोन्ही तळवे ठेवून वॉल्डोला हाका मारत होते. दुपारभर तेच चाललं होतं. काही खाल्लं नव्हतं, कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. घरी आल्यावर वॉल्डोला पाहिलं आणि दोन मिनिटांत जमिनीवर बसून त्याच्याशी बोलायला लागले.

तिथल्या व्यवस्थापक बाई, रोंडा, मनानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, "स्वतःचा कुत्रा आणता येतो, आर्लिस. आमचे दोन जण आणतात. पण तीस पौंडांच्या आत. वाटेत झोपला तर आमच्या मुलींना उचलता आला पाहिजे. कुणी अडखळून पडलं तर खुब्याचं हाड मोडतं."

"आणि तीसच्या वर असला तर?"

"तर नाही आणता येत."

आम्ही गाडीतून घरी निघालो. आर्लिसबाई म्हणाल्या, "कुमुद, डेल कुत्र्याशिवाय तिथे राहणार नाही. तो मरेल. आणि मी त्याला घरात ठेवू शकत नाही. म्हणजे या जाड्याला दहा-बारा पौंड उतरवायचे, एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हटलं.

"आणि डेल दिवसभर त्याला भरवत असताना."



डॉक्टर लिंडालनं एक पोकळ रबरी खेळणं दिलं होतं. लाल, आकारानं भोवऱ्यासारखं, वर भोक. मी त्याला भोवराच म्हणत आले. त्यात खाणं भरून द्यायचं, कुत्रा चाटत-चाटत, ढकलत-ढकलत ते काढत बसतो. आर्लिसबाईंनी पहिला भोवरा स्वतःच्या समजुतीनं भरला. शेंगदाण्याचं लोणी, त्यावर चीज, भोकाला सॉसेजचं बूच. डॉक्टरनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढ्यात त्याचं दिवसभराचं जेवण झालं, आर्लिस."

"खेळणंच तर आहे!"

"खेळण्यात काय आहे ते पोटाला कळतं. फरसबी घाल. पाण्यात उकडलेली, बिनमिठाची. भोपळ्याचा गर, साखर न घातलेला. फ्लॉवर बारीक करून. काकडी. चव हवी तर चमचाभर बिनसायीचं दही. आणि फ्रीझरमध्ये गोठव, म्हणजे जास्त वेळ पुरेल."

हे सगळं नावडतं काम आर्लिसबाईंनी तोंड वाकडं करून सुरू केलं. लोण्याशिवाय त्यांनी आयुष्यात फरसबी शिजवली नव्हती. "ही काय भाजी आहे? हे तर तुरुंगातलं जेवण," असं पुटपुटत त्या चमच्यानं भोवरा भरत होत्या, आणि त्यांना दिसलं की डेलमार शेजारी येऊन बसलेत. त्यांनी हात पुढे केला. आर्लिसबाईंनी चमचा त्यांच्या हातात दिला.

डेलमार भोवरा भरायला लागले. फरसबीचा एक तुकडा, मग थोडा भोपळा, मग अंगठ्यानं दाबायचं. पुन्हा एक तुकडा. गाजराचं बूच. त्यांचा चेहरा, मी सांगते, कित्येक महिन्यांत तसा दिसला नव्हता. कामावरच्या माणसाचा चेहरा. भरून झाल्यावर त्यांनी तो वॉल्डोपुढे ठेवला, थोपटलं, बाहेर चक्कर मारून आले.

"आर्लिस, याला कुणी खायला घातलं की नाही?"

"तूच घाल ना, डेल," आर्लिसबाई म्हणाल्या. "ये, बैस. भर."

तेव्हा मला कळलं की या बाईला काय सापडलंय. हात थांबवता येत नव्हते. हातात काय आहे ते बदलता येत होतं. वॉल्डोच्या नेहमीच्या खाण्याचे मूठभर दाणे त्या सकाळीच मोजून विकत आणलेल्या पाचसहा भोवऱ्यांत वाटून टाकायच्या, बाकी सगळा पालापाचोळा. डेलमारांनी दिवसातून दहादा भरवलं तरी कुत्र्याच्या पोटात जायची ती फरसबीच.

वॉल्डोचा मात्र अपमान झाला होता. पहिले काही दिवस तो भोवरा चाटायचा, आत काय आहे ते कळलं की मागे सरकायचा आणि डेलमारांकडे असा बघायचा की मला त्याची दया यायची. मग भूक लागल्यावर मुकाट्यानं खायला लागला.

मी माझ्या परीनं हातभार लावला. उन्हाळ्यात कुंपणावर लावलेल्या दुधीच्या फोडी माझ्याकडे फ्रीझरमध्ये होत्या, आणि एक अख्खा दुधी मी भारतीय दुकानातून आणला होता. तो घेऊन गेले.

"हे काय आणलंस? बेसबॉलची बॅट?"

"भाजी आहे. आत पाणीच पाणी. याच्या वजनाला चांगली. फक्त आधी चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या."

आर्लिसबाईंनी कच्ची फोड दातानं तोडली. बराच वेळ चावली. "कडू नाही," म्हणाल्या. "काहीच नाही. कुमुद, याला काही चवच नाही! तुम्ही लोक हे मुद्दाम पिकवता?"

"आम्ही फोडणी देतो."

"म्हणजे लोणी घालता. मला माहीतच होतं."

आमच्या गावातली माणसं चांगली आहेत, आणि त्या चांगुलपणानंच एकदा घात केला. डेलमारांचा आजार कळल्यापासून चर्चमधल्या बायका पाळीपाळीनं हॉटडिश आणत होत्या, आणि त्यातला निम्मा डेलमारांच्या हातून वॉल्डोच्या पोटात जात होता. तेव्हा एका रविवारी, प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी चालू असताना, आर्लिसबाई उभ्या राहिल्या. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. गळ्यापर्यंत लाल झाल्या होत्या.

"मला तुमचं प्रेम कळतं," म्हणाल्या. "पण हॉटडिश आणू नका. आम्हाला फक्त फरसबी लागते. खूप लागते. वॉल्डोसाठी."

त्या आठवड्यात फरसबी आली. सात घरांतून आली. इथे थँक्सगिव्हिंगच्या सणाला करतात तशी आली: मशरूमच्या घट्ट मलईत भिजवलेली, वर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर, ओव्हनमधून काढलेली गरम. फरसबी म्हटलं की या बायकांच्या हातांना दुसरं काही येतच नाही. एकीच्याही मनात आलं नाही की कुणी नुसती शेंग मागेल. आर्लिसबाई दुकानात गेल्या होत्या तेवढ्यात डेलमारांनी एक अख्खं भांडं वॉल्डोपुढे ठेवलं. कांदा कुत्र्याला विषासारखा. दोन दिवस तो डॉक्टरकडे होता, आणि ते भांडं पाठवणाऱ्या ऑर्डिथ नावाच्या बाई चर्चच्या पायरीवर बसून रडत होत्या.

"मी मलई कमी घातली होती गं, आर्लिस," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "त्याच्या वजनाचा विचार करून कमी घातली होती!"

"माहीत आहे," आर्लिसबाई म्हणाल्या. "ऊठ. ओल्यात बसू नकोस."

वॉल्डो वाचला. आणि वजन उतरत गेलं. आम्ही अधूनमधून काट्यावर नेत होतो. आधी काही हललं नाही, मग एकेक पौंड खाली यायला लागला. त्या दिवसांत संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मी या कुत्र्याचं वजन उतरू दे म्हणून हात जोडायचे. माझं मलाच हसू यायचं, पण जोडायचे. आर्लिसबाई त्यांच्या देवाला तेच सांगत होत्या. जेवणाआधीच्या प्रार्थनेत शेवटी "आणि वॉल्डो" एवढं हळूच जोडायच्या.

झाडांना पालवी फुटायच्या सुमाराला वॉल्डो काट्यावर स्वतःच्या पायांनी चढला. तिसाच्या किंचित खाली. डॉक्टर लिंडालनं त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "ही बघ हाडं," म्हणाली. आर्लिसबाईंनी तिला मिठीच मारली. त्यांनी कुणाला मिठी मारलेली मी पहिल्यांदा पाहिली.

डेलमार आणि वॉल्डो एकाच दिवशी टॅमरॅक हाऊसमध्ये गेले. वॉल्डोची गादी डेलमारांच्या पलंगाशेजारी टाकली. आर्लिसबाईंनी भोवरे नेले, डबाभर फरसबी नेली, कामावरच्या मुलींना भरायचं कसं ते दाखवलं. डेलमारांनी काचेवर हात ठेवले नाहीत, हाका मारल्या नाहीत. वॉल्डो पायाशी होता. परत येताना आर्लिसबाई गाडीत झोपून गेल्या. कितीतरी दिवसांत नीट झोपल्या नव्हत्या.

आणि आमच्या लक्षात यायला हवं होतं ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. घरी एक डेलमार होते. तिथे वीसबावीस होते.

सगळी इथलीच माणसं. गोठ्यांत वाढलेली, चीज वळलेली, आयुष्यभर दारातल्या कुत्र्याला घास टाकलेली. कुणाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण लांब कानांचा कुत्रा टेबलाखाली येऊन असा बघायला लागला की प्रत्येकाचा हात ताटाकडे जायचा. नाश्त्याला खारवलेलं डुकराचं मांस असायचं, शुक्रवारी तळलेले मासे. वॉल्डो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जायचा. पहिलं टेबल त्याला भरवल्याचं विसरेपर्यंत त्याची फेरी पूर्ण व्हायची. म्हाताऱ्या बायका कागदी रुमालात तुकडे बांधून खोलीत न्यायच्या आणि त्याची वाट बघायच्या. वाट बघावी असं दुसरं कुणी त्यांच्याकडे येत नव्हतं.

आर्लिसबाईंनी हात टेकले नाहीत. त्यांनी रोंडाबाईंची परवानगी काढली आणि जेवणघरात सगळ्यांना बसवून भोवरे भरायला लावले. आठवड्यातून तीन दुपारी आम्ही दोघी उकडलेल्या फरसबीची परात घेऊन जायचो. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या एका रांगेत बसून अंगठ्यानं शेंगा दाबताहेत, हे बघायला चांगलं वाटायचं. डेलमार टोकाला बसायचे. पण आम्ही निघालो की संध्याकाळचं जेवण यायचं.

हिल्डर नावाच्या एक बाई होत्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. एकदा आर्लिसबाईंनी त्यांच्या हातातला सॉसेजचा तुकडा हळूच काढून तिथे फरसबी ठेवली. हिल्डरबाईंनी त्यांच्या मनगटावर फाडकन मारलं.

"लाज नाही वाटत? मुक्या जिवाला गवत खायला घालतेस?"

"त्याचं वजन वाढतंय, हिल्डर."

"तुझं नाही का वाढलंय? तुला कुणी गवत घातलं?"

बाजूचे हसले. डेलमारही हसले. आर्लिसबाईही हसल्या, पण त्यांनी मनगट दुसऱ्या हातानं झाकलं होतं.

मी कामावरच्या मुलींना सांगून पाहिलं, जेवताना कुत्र्याला खोलीत बंद ठेवा. त्यांनी ठेवलं. मग डेलमार जेवण सोडून दाराशी जाऊन उभे राहायचे आणि दार ठोकायचे. नवीन मुली यायच्या, जुन्या जायच्या. कुणाकुणाला सांगणार? त्यांना आधीच दोन हात पुरत नव्हते. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, त्या आजीबाई दिवसभरात फक्त कुत्रा आल्यावर बोलतात. मी कुठल्या तोंडानं त्यांना नाही म्हणू?" मलाही ते तोंड नव्हतं.

पानं गळायला लागली तेव्हा वॉल्डोचं वजन करायची वेळ आली. काटा बघायची गरज नव्हती. दोन दिवस आधी तो जेवणघराच्या दारात आडवा झोपला होता आणि कामावरच्या मुलीला त्याला उचलता आलं नव्हतं.

रोंडाबाईंनी दार लावून घेतलं आणि आम्हाला बसवलं. "मी नियम थोडा वाकवला असता," म्हणाल्या. "खरंच वाकवला असता, आर्लिस. पण लिंडाल काय म्हणाली ते तूच ऐक."

डॉक्टर त्या दिवशी फटकळ नव्हती. तेच वाईट वाटलं. म्हणाली, "त्याचे मागचे पाय घसरतायत. तो इथे राहिला तर पुढचा हिवाळा बघणार नाही. घरी नेलंस तर बघेल."

"आणि डेल?"

  आर्लिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  

"डेल जाईल तेव्हा जाईलच," त्या म्हणाल्या. "याला मी स्वतःच्या हातानं मारू शकत नाही. त्याच्यासाठीसुद्धा नाही."

डेलमार दुपारचे झोपले असताना आम्ही वॉल्डोला मागच्या दारानं गाडीत घातलं.

त्यानंतरचे आठवडे मला आठवावेसे वाटत नाहीत. डेलमार खोल्याखोल्यांची दारं उघडून बघत होते. आर्लिसबाई भेटायला गेल्या की पहिला प्रश्न वॉल्डोचाच, आणि उत्तर ऐकलं की दर वेळी तेवढंच नवं दुःख. कामावरच्या मुलींनी सुचवलं, फिरायला गेलाय म्हणून सांगा. खोटं बोलायला आर्लिसबाई तयार नव्हत्या. त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. मग एक दिवस बोलल्या. "फिरायला गेलाय, डेल. येईल." डेलमार दाराशी जाऊन उभे राहिले, तो येईल म्हणून. आर्लिसबाई मला म्हणाल्या, "खोटंही बोलून झालं. त्यानंही काही झालं नाही." वॉल्डोला भेटायला न्यायचं म्हटलं तर निघताना पुन्हा तेच व्हायचं, म्हणून रोंडाबाईंनी काही दिवस आणू नका म्हणून सांगितलं.

घरी वॉल्डो फरसबीवर होता. आता भोवरे आर्लिसबाई एकट्याच भरायच्या. वजन भराभर उतरलं. डॉक्टर लिंडाल खूश होती, अशा वयात असा उतार तिनं पाहिला नव्हता म्हणे. 

मग टॅमरॅक हाऊसमधून फोन आला की डेलमार शांत झालेत, जेवतात, झोपतात. कामावरच्या एका मुलीनं त्यांना कापसाचा कुत्रा आणून दिला होता. बीगलसारखाच, लांब कानांचा.

ख्रिसमसच्या आधी रोंडाबाई म्हणाल्या, आता आणून बघा वॉल्डोला. आर्लिसबाईंनी त्याला आंघोळ घातली, गळ्यात लाल पट्टा बांधला. मी गाडी चालवली. वॉल्डो इतका हलका झाला होता की पुढच्या दारातून मीच त्याला उचलून आत नेलं.

डेलमार खिडकीपाशी खुर्चीत होते. मांडीवर कापसाचा कुत्रा. हातात उकडलेल्या बटाट्याचा तुकडा होता आणि ते तो त्या कुत्र्याच्या शिवलेल्या तोंडापाशी धरत होते. त्या तोंडाभोवतीची लव खाण्यानं चिकट होऊन वाळली होती. वॉल्डोनं त्यांना पाहिलं आणि बीगल काढतात तसा लांब सूर काढला. मी त्याला खाली ठेवलं. तो धावत गेला, पुढचे दोन पाय डेलमारांच्या गुडघ्यावर टेकून उभा राहिला आणि शेपटीसकट सगळा हलायला लागला.

डेलमारांनी पाय मागे घेतले. कापसाचा कुत्रा छातीशी धरला.

"हा कुणाचा?" म्हणाले.

"वॉल्डो आहे, डेल. आपला वॉल्डो."

"याला बाहेर काढा." त्यांचा आवाज चढला. "माझा घाबरतोय. दिसत नाही का तुम्हाला? घाबरलाय तो. बाहेर काढा याला!"

वॉल्डो अजून उभाच होता. बटाट्याचा तुकडा जमिनीवर पडला होता, त्याकडेसुद्धा त्यानं पाहिलं नाही. डेलमारांनी त्याला पायानं बाजूला सारलं. जोरानं नव्हे, अनोळखी कुत्र्याला सारतात तसं. आर्लिसबाई वाकल्या, गुडघ्यांवर हात रोवून, आणि त्यांनी त्याला एकट्यानं उचललं. पूर्वी कधी त्यांना उचलता आला नव्हता.

"येते मी, डेल," त्या म्हणाल्या.

"दार लावून घ्या," डेलमार म्हणाले, आणि कापसाच्या कुत्र्याच्या पाठीवर थोपटायला लागले.

गाडीत वॉल्डो मागच्या काचेतून बघत ओरडत राहिला. इमारत दिसेनाशी झाली तरी ओरडत राहिला. आर्लिसबाई समोर बघत होत्या. मी गाडी बाजूला घेऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या.

"मी मागितलं होतं, वजन उतरू दे," थोड्या वेळानं म्हणाल्या. "ते दिलं त्यानं. दुसरं काही मागायला हवं होतं का, कुमुद? मला सुचलंच नाही बघ."

मी मनात माझ्या देवाचं नाव घेतलं. पण पुढे काय मागायचं ते मलाही सुचेना.